ड्रिप यंत्रातली कॉफी पातळही होते आणि कडूही. चूक नेमकी कोठे होत असावी?

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. गेल्या दिवाळीत मुलीने आमच्याकडे कॉफीचे ड्रिप यंत्र आणून दिले. माझे सासरे नोकरीनिमित्त बरीच वर्षे हुबळीला होते, त्यामुळे आमच्या घरी चहापेक्षा कॉफीच जास्त होते. आता डॉक्टरांनी त्यांना दूध कमी करायला सांगितले आहे. बिनदुधाची किंवा नुसता रंग बदलेल इतक्याच दुधाची कॉफी त्यांना आवडीने पिता यावी, एवढ्याचसाठी हे यंत्र घेतले होते. परंतु इतके महिने झाले तरी मनासारखी कॉफी एकदाही जमलेली नाही. ती दिसायला पातळ, चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखी होते आणि तरीही जिभेच्या मागच्या बाजूला कडवट लागते. सासरे काही बोलत नाहीत, पण अर्धा कप तसाच राहतो आणि ते मला फार लागते.

माझी पद्धत अशी आहे. काचेच्या भांड्यावर दहा कपांपर्यंत खुणा आहेत, त्यातील सहाच्या खुणेपर्यंत मी पाणी घेते. पूर्वी झटपट कॉफी करताना कपाला एक चहाचा चमचा घालत असे, त्याच हिशेबाने सहा चमचे पूड घालते. पूड गावातल्या दुकानातून दळून आणलेली, फिल्टर कॉफीची आहे आणि तिच्यात ७० टक्के कॉफी व ३० टक्के चिकोरी आहे. यंत्रासोबत आलेली नायलॉनची जाळी वापरते. पहिले काही महिने बोअरचे पाणी मिसळलेले नळाचे पाणी वापरले, आता महिनाभर आर.ओ.चे वापरते आहे. सुरुवातीला सहा-सात मिनिटांत काम होत असे, आता अकरा-बारा मिनिटे लागतात आणि यंत्र फार गुरगुरते. साडेसहाला कॉफी तयार होते, पण सगळे उठेपर्यंत ती साडेसातपर्यंत खालच्या गरम तबकडीवरच असते.

कडू लागते म्हणून मी पूड आणखी कमी करून पाहिली, तर ती अधिकच वाईट लागली. पूड बदलावी, यंत्र बदलावे की पद्धत बदलावी, हे जाणकारांनी सांगावे.

अजिंक्यतारा (शाहूपुरी, सातारा)

ताई, आपण सगळे तपशील नीट लिहिले आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे आणि गेली आठ-नऊ वर्षे घरी ड्रिप यंत्रावरच कॉफी करतो. आपण पूड कमी केल्यावर कडूपणा वाढला, या एका वाक्यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

कॉफीची दाटी आणि कॉफीचा उतारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपातील पाण्यात कॉफीचा किती अंश विरघळलेला आहे, ती दाटी. आणि पुडीच्या वजनापैकी किती भाग पाण्याने बाहेर काढला, तो उतारा. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, परंतु त्यातील १८ ते २२ टक्केच आपल्याला हवा असतो. आधी आंबट आणि सुवासिक घटक उतरतात, मग गोडसर घटक, आणि कडू व तुरट घटक सर्वांत शेवटी. पूड थोडी आणि पाणी पुष्कळ असले, की तेवढ्याच पुडीतून पाणी जातच राहते आणि चांगले सगळे निघून गेल्यावर उरलेला कडूपणाही ओढून आणते. म्हणून कॉफी एकाच वेळी पातळ आणि कडू होते. पुडीत कपात करणे हा त्यावरचा उपाय नाही. त्याने दोष वाढतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी दाटी आणि उतारा यांचा एकत्र आलेख मांडला, आणि आजही कॉफीचे जाणकार त्याच आलेखाच्या आधाराने बोलतात.

आता आपल्या मापाकडे येऊ. यंत्रावरचा 'कप' हा आपल्या घरातला कप नसतो. बहुतेक यंत्रांत तो १२५ ते १५० मिलिलिटरचा असतो. सहाच्या खुणेपर्यंत म्हणजे सुमारे ७५० मिलिलिटर पाणी झाले. चहाच्या चमच्यात पूड जेमतेम दोन-अडीच ग्रॅम बसते, म्हणजे आपण फार तर पंधरा ग्रॅम घालता. एक लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम हे सर्वमान्य प्रमाण धरले, तर ७५० मिलिलिटरला ४१ ते ४५ ग्रॅम पूड लागते. आपण घालता त्याच्या ती जवळजवळ तिप्पट आहे. झटपट कॉफी ही आधीच उतरवून सुकवलेली असते आणि पाण्यात पूर्ण विरघळते, त्यामुळे तिचा चमच्याचा हिशेब येथे लागू पडत नाही.

माझी कळकळीची विनंती आहे की नवी पूड घेण्याआधी आपण ग्रॅम दाखवणारा एक लहान वजनकाटा घ्यावा. चमच्याने मोजलेली पूड तिच्या भाजणीनुसार आणि दळणीनुसार दर वेळी वेगळी भरते, आणि मग आज बरी झालेली कॉफी उद्या का बिघडली, हे कधीच कळत नाही. पाणीही त्याच काट्यावर मोजावे. पूड आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी स्वतःत धरून ठेवते, म्हणून ५०० ग्रॅम पाणी आणि ३० ग्रॅम पूड घेतली, तर भांड्यात ४४० मिलिलिटरच्या आसपासच कॉफी येईल. ते कमी दिसले तरी घाबरू नये.

दळणीबद्दल. दक्षिणेकडच्या पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरसाठी पूड बारीक दळतात, कारण तेथे थोडेसे पाणी सावकाश झिरपायचे असते. ड्रिप यंत्रात वरून पाणी सतत पडत असते. बारीक पूड तेथे चिखलासारखी बसते आणि जाळी तुंबवते. दुकानदाराला 'ड्रिपसाठी मध्यम' असे सांगावे. बोटांत धरल्यावर ती उपम्याच्या जाड रव्यासारखी लागली पाहिजे. मिक्सरमध्ये दळायचे असल्यास थांबत थांबत, दोन-दोन सेकंदांचे झटके द्यावेत आणि पिठाच्या चाळणीने अगदी बारीक भुकटी काढून टाकावी.

तबकडीचा मुद्दा मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात वाद नाही. तयार कॉफी तापत राहिली, की तिच्यातील क्लोरोजेनिक आम्लांचे विघटन होऊन क्विनिक आम्ल वाढते आणि चव तुरट-आंबट होते. कॉफी उतरल्याबरोबर गरम पाण्याने विसळलेल्या थर्मासमध्ये ओतावी आणि यंत्र बंद करावे.

मिरज जंक्शन (मिरज)

ताई, सरांनी सांगितलेल्या प्रमाणाबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण सहा मिनिटांचे काम बारा मिनिटांवर गेले असेल, तर पूड बदलून ते पूर्ववत होणार नाही. मी घरगुती विजेची उपकरणे दुरुस्त करतो आणि या यंत्रांत आपल्या भागात हमखास आढळणारा दोष म्हणजे क्षार.

या यंत्रात पंप नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. टाकीतले पाणी एका झडपेतून खाली उतरते आणि तबकडीच्या खाली वळवून बसवलेल्या धातूच्या नळीत जाते. त्या नळीला चिकटूनच तापणारा भाग असतो, आणि तबकडी गरम ठेवण्याचे कामही तोच करतो. नळीत पाणी उकळले की वाफेचे बुडबुडे तयार होतात, झडप पाण्याला मागे जाऊ देत नाही, आणि ते बुडबुडे गरम पाण्याला वरच्या नळीतून ढकलत नेतात. आपल्याला ऐकू येणारी गुरगुर ती हीच. बोअरच्या पाण्यातला चुना तापल्यावर नळीच्या आत थराने बसतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, वाट अरुंद होते, पाणी थेंबथेंब आणि कमी गरम पडते. पुडीवर पडणारे पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावे लागते. क्षार साचलेल्या यंत्रात ते त्याच्या बरेच खाली गेलेले मी थर्मामीटर लावून पाहिले आहे.

उपाय खर्चाचा नाही. किराणा दुकानात लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड मिळते. एक लिटर कोमट पाण्यात साधारण २० ग्रॅम विरघळवून ते टाकीत भरावे, जाळी काढून ठेवावी आणि यंत्र सुरू करावे. निम्मे पाणी वर आले की बंद करून वीस मिनिटे थांबावे, मग उरलेले येऊ द्यावे. भांड्यात पांढरे कण दिसले तर समजावे की थर सुटतो आहे. तसे असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा करावे. त्यानंतर साध्या पाण्याच्या तीन फेऱ्या करून यंत्र धुऊन घ्यावे. हे पाणी रात्रभर यंत्रात ठेवू नये, कारण नळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि आम्ल तिलाही खाते. व्हिनेगरनेही क्षार निघतो, पण त्याचा वास पुढच्या चार कॉफींना येतो, म्हणून मी ते सुचवत नाही.

जाळी आणि भांडे रोज साबणाने धुता की नुसते विसळता, हेही पाहावे. कॉफीचे तेल नायलॉनला धरून राहते आणि खवट होते. जाळी कोरडी करून नाकाशी धरली की लगेच कळेल.

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

आपणा दोघांची मी मनापासून ऋणी आहे. काल आणि आज दोन्ही दिवस लिंबूसत्त्वाचे पाणी फिरवले. पहिल्या दिवशी भांड्याच्या तळाशी पांढऱ्या चुऱ्याचा थर बसला, तो पाहून मला धक्काच बसला, कारण यंत्र बाहेरून अगदी स्वच्छ होते. आज ७५० मिलिलिटर पाणी सात मिनिटांत वर आले. जाळीला खरोखरच जुन्या तेलासारखा वास होता. ती गरम पाण्यात साबण घालून ब्रशने घासली.

वजनकाटा आणला असून ४२ ग्रॅम पूड घालून पाहिली. कॉफीला रंग आणि वास आला, परंतु पूड जुनीच असल्यामुळे जाळी तुंबली आणि पाणी कडेवरून उतू गेले. शिवाय आर.ओ.च्या पाण्याने कॉफी काहीशी निर्जीव लागते असे मला वाटते. शेजारी पाण्यातले क्षार मोजायचे यंत्र होते, त्यावर आमचे आर.ओ. ३५ आणि महानगरपालिकेच्या नळाचे पाणी ३१० दाखवते. बोअरचे मी आता वापरतच नाही. कोणते पाणी घ्यावे?

अजिंक्यतारा (शाहूपुरी, सातारा)

आपली जीभ बरोबर सांगते आहे. पाण्यातील कॅल्शियम आणि विशेषतः मॅग्नेशियम कॉफीतले स्वादाचे घटक ओढून काढायला मदत करतात, म्हणून अगदी क्षाररहित पाण्यात कॉफी पोकळ लागते. उलट बायकार्बोनेट जास्त असलेले पाणी कॉफीतील आम्ले निष्प्रभ करते आणि कॉफी मातकट होते. नळीत चुना बसवणारेही तेच. विरघळलेले एकूण क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असावेत, असे कॉफीच्या क्षेत्रात मानले जाते, आणि ७५ ते २५० पर्यंत चालून जाते. आपण तीन वाट्या आर.ओ. आणि दोन वाट्या नळाचे पाणी एकत्र करावे. आकडा १४५ च्या जवळ येईल. नळाचे पाणी नेहमीप्रमाणे गाळून आणि शुद्ध करूनच घ्यावे. हे मीटर एकूण क्षार दाखवते, त्यात चुना किती आणि मीठ किती हे सांगत नाही, म्हणून शेवटचा निर्णय चवीवर सोडावा. आमच्या साताऱ्यात कास तलावाचे पाणी येते तेथे ते मुळातच मऊ आहे, त्यामुळे मला हा खटाटोप करावा लागत नाही. कृष्णाकाठच्या गावांत मात्र तो करावाच लागतो.

उंचीमुळे पाणी कमी तापते का, असे मला एका स्नेह्यांनी विचारले होते, म्हणून येथेच सांगतो. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. सांगलीत पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते आणि महाबळेश्वरलाही ९५ च्या वरच, त्यामुळे ड्रिप कॉफीपुरती आपल्यापैकी कोणालाही उंचीची अडचण नाही.

पुडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ड्रिप यंत्रात चिकोरी घालूच नये. चिकोरी ही एका वनस्पतीची भाजलेली मुळी आहे, तिच्यात कॉफीपेक्षा कितीतरी अधिक भाग पाण्यात विरघळतो आणि ती ओली झाल्यावर लगदा होऊन जाळी बुजवते. आपले पाणी उतू गेले त्यात बारीक दळणीइतकाच चिकोरीचाही वाटा आहे. शिवाय ती कॉफीचा स्वतःचा स्वाद झाकते. चिकमगळूर किंवा कोडगूची मध्यम भाजलेली शुद्ध अरेबिका घ्यावी. धुऊन सोललेल्या अरेबिकाला आपल्याकडच्या व्यापारात 'प्लांटेशन' म्हणतात, दुकानात तेच नाव सांगावे. एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त आणू नये, घट्ट झाकणाच्या डब्यात ओट्यापासून दूर ठेवावी, आणि फ्रिजमध्ये तर ठेवूच नये, कारण डबा उघडताना आत दमटपणा शिरतो.

मेणवली घाट (वाई)

सरांचे पाण्याविषयीचे विवेचन मी वहीत उतरवून घेतले आहे. तरीही चिकोरीबाबत मी त्यांच्याशी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. ताईंचे सासरे हुबळीला राहिलेले आहेत. त्यांच्या जिभेला कॉफी म्हणजे चिकोरीची दाट, किंचित जळक्या गुळासारखी चव ठाऊक आहे. त्यांना एकदम शुद्ध अरेबिका दिली, तर ती त्यांना आंबट वाटण्याचा संभव आहे. माझ्या आईबाबत हेच झाले. मी १०० ग्रॅम कॉफीला १० ग्रॅम चिकोरी, तीही जाड दळलेली, अशी सुरुवात केली आणि नायलॉनच्या जाळीत कागदी गाळणी घातली. जाळी तुंबली नाही आणि आईने कप रिकामा केला. ज्यांच्यासाठी कॉफी करायची, त्यांची आवड हा माझ्या दृष्टीने पहिला निकष आहे.

कागदी गाळणीबद्दल आणखी दोन गोष्टी. तिच्यामुळे कॉफीतला गाळ आणि तेल कागदात अडते. त्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो, तो रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतो. वयस्कर माणसासाठी कागद अधिक बरा, असे मी मानते. ही गाळणी एका गृहिणीने शोधली, हेही मला आवर्जून सांगावेसे वाटते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ मध्ये पितळी भांड्याला भोके पाडून त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला, कारण त्यांना कपातला कडू गाळ नको होता. विजेवर चालणारे पहिले ड्रिप यंत्रही पुढे जर्मनीतच, १९५४ मध्ये आले. कागद आधी गरम पाण्याने भिजवून घ्यावा, म्हणजे त्याचा वास कॉफीत उतरत नाही.

दुधाविषयी. ड्रिपची कॉफी फिल्टरच्या अर्कासारखी नसते, तिच्यात निम्मे दूध घातले की ती हरवून जाते. ज्यांना दुधाची हवी, त्यांच्यासाठी ५०० मिलिलिटर पाण्याला ४० ग्रॅम पूड घ्यावी आणि कपात एक भाग गरम दुधाला चार भाग कॉफी ठेवावी. आपल्या घरांतून कॉफीत जायफळ घालतात. ते पुडीत मिसळू नये, कपातच वरून किसून घालावे. गरम कॉफीवर ताजे किसलेले जायफळ पडले की जो वास येतो, त्यामुळे थोड्या दुधाची कॉफीही भरदार वाटते.

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. चार दिवसांनी लिहिते आहे, कारण एका वेळी एकच बदल करून पाहायचा असे ठरवले होते. शेवटी असे जमले: ७०० मिलिलिटर मिश्र पाणी, ४२ ग्रॅम प्लांटेशन, मध्यम दळलेली, तिच्यात ४ ग्रॅम चिकोरी, कागदी गाळणी, आणि उतरल्याबरोबर थर्मास. कडवटपणा गेला. आज सासऱ्यांनी कप संपवला आणि सायंकाळीही हीच करशील का, असे विचारले. मात्र सायंकाळी त्यांना एकट्यालाच, म्हणजे दोनशे मिलिलिटरच लागते. तेवढी करून पाहिली तेव्हा ती पुन्हा पातळ झाली, प्रमाण तेच असूनही.

मिरज जंक्शन (मिरज)

ताई, त्यात आपला दोष नाही. मोठ्या यंत्रात थोडे पाणी घातले, की नळी आणि झाकण तापेपर्यंतच निम्मे पाणी येऊन जाते, आणि रुंद टोपलीत बारा ग्रॅम पुडीचा थर इतका पातळ पसरतो, की पाणी न थांबता निघून जाते. क्षमतेच्या निम्म्याहून कमी कॉफी या यंत्रावर चांगली होत नाही. तरीही करायचीच असेल, तर आधी पूड न घालता कपभर साधे पाणी फिरवून यंत्र तापवून घ्यावे. मग पूड १५ ग्रॅम घ्यावी, पहिले पाणी पडून ती सगळी भिजली की यंत्र बंद करावे, चमच्याने हलकेच एकदा ढवळून अर्धा मिनिट थांबावे आणि पुन्हा सुरू करावे. ताजी पूड या वेळात फुगून वायू सोडते आणि पुढचे पाणी तिच्यात समान मुरते. ही थांबण्याची युक्ती सकाळच्या मोठ्या खेपेलाही लागू आहे. आणि हुबळीचा जुना फिल्टर घरात अजून असेल, तर सायंकाळच्या एका कपासाठी तोच काढावा. त्याला बारीक पूड लागते, म्हणजे आपली उरलेली पहिली पूडही वाया जाणार नाही.

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

फिल्टर माळ्यावर आहे, पितळी. उद्या काढून चिंचेने घासते.

मेणवली घाट (वाई)

चिंचेने घासण्याआधी आतली कल्हई शाबूत आहे का, ते अवश्य पाहावे. ती गेली असल्यास कल्हई करून घेतल्याशिवाय त्यात कॉफी करू नये.